खाली गाडी

जिनिंगच्या फाटकाशी धर्मकाट्यावर बसतो मी,
एकवीस हंगाम झाले.
आधी भरली गाडी, मग खाली गाडी,
वजाबाकी करायची, पावती फाडायची.
कोणी म्हणतं कापूस ओला धरला, कोणी म्हणतं काटा मारला.
मी काचेतून आकडा दाखवतो. आकडा माझा नाही.

माझा आकडा दवाखान्यातल्या काट्यावर मावला नाही.
सुई एकशे तीसला टेकली, तिथंच थरथरत राहिली.
सिस्टर म्हणाली, "उतरा दादा, तुटंल."

मग एका रात्री, रांग संपल्यावर,
मीच जाऊन उभा राहिलो ट्रकच्या जागी,
लोखंडी पत्र्यावर, चपला काढून.
आत वाचायला शालिकला बसवलं.
"एकशे चाळीस!" तो ओरडला, लिलाव पुकारल्यासारखा.
आमचा काटा दहा-दहानं मोजतो.
म्हणजे पस्तीस असेल, नाहीतर चव्वेचाळीस.
मधलं त्याला कळत नाही.

नागपूरच्या हेडाऊ डॉक्टरबाईंनी कागदावर पोट काढलं,
थोडं तिरपं, काजूसारखं.
म्हणाल्या, एक तर ही पिशवी उभी कापायची,
केळाएवढी ठेवायची. कापलेलं परत येत नाही.
दुसरं म्हणजे पिशवी अंड्याएवढी करायची
आणि आतड्याचा पाट फिरवून जोडायचा.
हे मला लगेच समजलं.
कालव्याचं पाणी वरच्या वावराला न देता
थेट खाली सोडतात, तसं.

प्रश्न मी पावतीच्या मागं लिहून नेले होते.
साखर जाईल का?
बऱ्याच जणांची जाते. काहींची परत येते.
गोळ्या सुटतील?
या कमी होतील. ताकदीच्या लागतील, जन्मभर.
वजन पुन्हा चढतं का?
चढू शकतं.
कातडी लोंबेल?
लोंबेल थोडी.
जीवाला धोका?
कमी आहे, पण नाही असं म्हणणार नाही, म्हणाल्या.
एवढं सरळ बोलणारा माणूस मी मार्केट यार्डात पाहिला नाही.
कापलेला तुकडा कुठं जातो, तेही विचारलं.
"तपासायला पाठवतो."
पुढचं विचारलं नाही.

वच्छलानं मात्र पावतीवर नसलेलं विचारलं,
"मंग मी सैपाक किती कराचा?"
बाई म्हणाल्या, सुरुवातीला पातळच,
मग पाव वाटी, चावून-चावून, सावकाश.
वच्छलानं मान हलवली.
बसमध्ये बुटीबोरीपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

गावात आमच्याआधी बातमी पोचली.
"काऊन बे, पैसे देऊन भूक कापून घेतं?"
"तेरवीले पंगतीत बसशीन का उभाच राहशीन?"
"वडाभात चालते म्हंते का तुयी डॉक्टरीन?"
मी हसलो. जाड माणसाला आधी हसायला लागतं.

माय हसली नाही.
सुपात तूर होती, पाखडणं थांबवून म्हणाली,
"बहात्तरच्या साली तू पोटात होता.
लाल मिलोची भाकर, तेही अर्धी.
तवा देवाले म्हटलं होतं, याचं पोट मोठं कर."
आणि पुन्हा पाखडू लागली.
याचं उत्तर ना माझ्याकडं, ना पावतीवर.

रात्री दोनला केबिनमध्ये भूक लागते.
डबा आठलाच संपलेला असतो.
ड्रायव्हर आलूबोंडे आणतात, खा म्हणतात साहेब, लवकर सोडा.
ही भूक पोटाची की त्या खुर्चीची?
खुर्चीची असेल तर बाई काय कापतील?

तारीख फेब्रुवारीची घेतली आहे, हंगाम उतरल्यावर.
वच्छलानं आतापासूनच छोटी पातेली घासून ठेवली,
लेकीच्या भातुकलीतली वाटतात.

आमच्या काट्याचा एक नियम आहे.
ड्रायव्हर भरल्या गाडीत बसला असेल
तर खाली गाडीतही बसलाच पाहिजे.
उतरला, तर हिशोब चुकतो.
हे बाईंना विचारायचं राहिलंच,
की गाडी खाली होऊन येईल तेव्हा
आत मीच बसलेलो असेन ना.

चला. मागचा हॉर्न देतोय.